ऐकल्यापासून सुतक

जर्मनीत, येनाच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती बाबांच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने. डब्याएवढं ते यंत्र पुण्याहून हातसामानातून आलं होतं आणि घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्याची जास्त काळजी घेतली जायची. बाबा उठून आधी ते लावायचे आणि मग दात घासायला जायचे. दाढी, आंघोळ, चहा, सगळं त्या गुणगुणीत चालायचं. गाणं मात्र कुणीच म्हणायचं नाही. खालच्या मजल्यावर फ्राऊ क्राउझे राहायच्या. इमारतीच्या हाउसऑर्डनुंगमधल्या, म्हणजे नियमावलीतल्या, शांततेच्या सगळ्या वेळा त्यांना पाठ होत्या, आणि आमचा तानपुरा सुरू झाला की त्या चमच्याने हीटरच्या पाइपवर टकटक करायच्या. बाबांचं म्हणणं होतं की बाईंना लयीचं अंग आहे.

बाबा भिंगांच्या एका कंपनीत इंजिनियर होते. कॉलेजात असताना दोन-अडीच वर्षं ते गाणं शिकले होते आणि पुढची तीस वर्षं त्यावर बोलले. जगातलं सगळं संगीत आपल्याकडून गेलं, हा त्यांचा सिद्धांत होता. चर्चमधलं ऑर्गन ऐकलं की ते डोळे मिटून म्हणायचे, "हा यमनच आहे, यांना फक्त माहीत नाही." ट्रामचे दरवाजे बंद होताना जी शिट्टी वाजायची तिच्यातही त्यांना कोमल निषाद सापडला होता. घरात हे सगळं ऐकून घेणारी माणसं दोन. मी सोळा वर्षांची होते, मराठी प्रश्नांना जर्मनमधून उत्तरं द्यायचे आणि आपल्याला काहीही आवडत नाही असं दाखवण्यात दिवस घालवायचे. (आता माझी मुलं बॉनमध्ये माझ्याशी हेच करतात आणि मला त्याचा भयंकर राग येतो.) दुसरी आई. तिला बाबांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी 'अरसिक' ठरवून टाकलं होतं, आणि कामं भरपूर असल्यामुळे तिने त्यावर कधी अपील केलं नाही.

आई सांगलीजवळच्या एका गावातली. येनामध्ये तिने क्वार्क नावाच्या तिथल्या चक्क्याचं श्रीखंड, लाल कोबीची कोशिंबीर आणि तिथल्या गव्हाच्या पिठाच्या, हट्टाने न फुगणाऱ्या पोळ्या यांच्यावर संसार उभा केला होता. तिची स्वतःची अशी एकच वेळ होती, रविवारी दुपारची. तेव्हा ती कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर फिरवून आजीला फोन करायची. फोन आधी मामा उचलायचा. मामा फोनवर असा ओरडून बोलायचा की तारेची गरजच काय, असं वाटावं. रिसीव्हरमधून त्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू यायचा, "सुधे, ऐकू येतंय का गं?" मग आजी यायची. आजी मात्र इतकी हळू बोलायची की आईला रिसीव्हर कानात खुपसावा लागायचा. त्यांचं बोलणं म्हणजे काय जेवलीस, मी काय जेवले, एवढंच. कार्डाचे युरो संपेपर्यंत दोघी एकमेकींना जेवणं सांगायच्या.

बातबायर आमच्या घरात आला तो याच सुमारास. बाबांच्याच ऑफिसात होता. मंगोलियातून पूर्व जर्मनीच्या काळात शिकायला आला, इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट केली, मग इकडची भिंत पडली आणि तिकडचं सरकार बदललं, त्या गडबडीत याला परत पाठवायचं सगळेच विसरले, असं तो सांगायचा. त्याचं जर्मन थुरिंगियातल्या म्हाताऱ्यांसारखं होतं, दर दोन शब्दांनी 'आल्झो', म्हणजे आपलं 'तर मग'. माणूस दाराच्या चौकटीएवढा, आणि गर्वाच्या बाबतीत बाबांना तोडीस तोड. कॅन्टीनमध्ये बाबांनी त्याला सांगितलं की सगळं संगीत भारतातून गेलं. त्याने बाबांना सांगितलं की सगळं संगीत घोड्यापासून आलं. यावर मैत्री जमली. पुढच्या शनिवारी तो वाद्य घेऊन जेवायला आला.

आईने वांग्याची भाजी, वरणभात आणि क्वार्कचं श्रीखंड केलं होतं. हिरवा पाला खाणं हे जनावरांचं काम असं आमच्याकडे मानतात, असं बातबायरने तिसऱ्यांदा भाजी वाढून घेताना सांगितलं. बाबांनी ते भाषांतर करताना गाळलं. मी मुद्दाम मराठीत सांगितलं आणि आई हसली. जेवण झाल्यावर त्याने पेटीतून ते वाद्य काढलं. मोरिन खूर. चौकोनी खोक्याला लांब दांडी, दांडीच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं, आणि तारा फक्त दोन, त्याही घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या. गजही तसल्याच केसांचा. बाबांनी आतिथ्य म्हणून तानपुरा लावला. बातबायर थोडा वेळ खोलीत इकडेतिकडे बघत राहिला आणि मग अगदी नम्रपणे म्हणाला, "तो फ्रीज जरा बंद करता येईल का?"

तानपुरा बंद झाला. आमच्या घरात जागेपणी तो बंद झालेला मला आठवत नाही. मग बातबायरने खाली मान घालून गळ्यातून एक आवाज काढला. तो आवाज माणसाचा आहे हे कळायलाच मला वेळ लागला. खाली जड, खरखरीत, जमिनीलगतचा एक सूर, आणि त्याच गळ्यातून, त्याच वेळी, वर शिट्टीसारखा दुसरा सूर, जो स्वतःच्या मर्जीने फिरत होता. बाबा अर्धे उठून उभे राहिले होते. "खर्ज," ते म्हणाले. "शुद्ध खर्ज. हे सामवेदातून तिकडे गेलंय." बातबायरला सामवेद म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून तो सभ्यपणे "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाला, आणि बाबांनी पुढे अनेक वर्षं लोकांना सांगितलं की एका मंगोल विद्वानाने हे मान्य केलं आहे. एवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात हळद घातलेलं गरम दूध होतं. "अहो, त्यांना आधी हे द्या," ती बाबांना म्हणाली. "घसा किती धरलाय त्यांचा. आणि अशात गायला लावता."

बातबायर दूध प्यायला. त्याच्या मते आजवर त्याच्या गाण्याला मिळालेली ती सगळ्यांत चांगली दाद होती. मग त्याने एक वेगळीच चाल काढली, संथ, पुन्हापुन्हा तिथेच येणारी. हे गाणं माणसांसाठी नाही, तो म्हणाला. उंटिणीला पिल्लू होतं आणि कधीकधी ती त्याला जवळच करत नाही, पाजत नाही. मग वाद्यवाल्याला बोलावतात. तो तिच्यासमोर बसून हे वाजवतो आणि घरातली बाई तिच्या अंगावरून हात फिरवत गुणगुणते. तासन्‌तास. शेवटी उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती पिल्लाला लावून घेते. बाबांनी याचं मराठी केलं, "म्हणजे दूधउत्पादनवाढीसाठी संगीत." आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "पान्हा. पान्हा सोडायला लावतात. आमची आई नाही का करायची?"

"काय करायची?" बाबांनी विचारलं.

"म्हशीला. आमच्या एका म्हशीचं रेडकू गेलं होतं, तर ती कासेला हात लावू देईना. आई रोज पहाटे तिच्या मानेला गाल लावून बसायची आणि हूं हूं करायची. गाणं नाही हो. नुसतं हूं हूं."

बाबांना सामवेदावरून एकदम म्हशीवर येणं जड गेलं. बातबायरला मात्र त्या दिवशीच्या सगळ्या गप्पांत याच गोष्टीत रस वाटला. त्याने माझ्याकडून सगळं समजून घेतलं, म्हशीच्या शिंगांच्या आकारासकट, आणि मग आईला म्हणाला, ते हूं हूं करून दाखवा. आई लाजली. मला कुठे गाता येतं, म्हणाली. तेव्हा त्याने स्वतःच खालच्या तारेवर शोधायला सुरुवात केली. एक सूर लावायचा आणि आईकडे बघायचा. आई मान हलवायची. "अजून खाली," ती म्हणाली, मराठीतच. "हं. आणि जरा ओढून." अरसिक ठरवलेली माझी आई सोफ्याच्या पाठीवर हात ठेवून एका डॉक्टर-इंजिनियरला सूर सांगत होती. शेवटी तिला हवा तो लागला असावा, कारण तिची मान हलायची थांबली. मग "दूध उतू जाईल" म्हणून आत गेली.

आता गणपतीचं सांगायला हवं. आमचं मंडळ म्हणजे येना, वायमार, एरफुर्ट आणि लाइपझिग इथल्या मोजक्या घरांचं. जर्मन सरकार चतुर्थीला सुट्टी देत नसल्यामुळे आमच्याकडे गणपती नेहमी शनिवारीच यायचा आणि त्याच संध्याकाळी जायचा. बिचाऱ्याला चर्चचा गेमाइंडेझाल, म्हणजे सभेचा हॉल मिळायचा, तोही तिथला रखवालदार, हाउसमाइस्टर, किल्ल्या परत मागायला येईपर्यंत. मंडळाचे अध्यक्ष लाइपझिगचे दामले काका. शास्त्राचा अधिकार त्यांच्याकडे होता, कारण सोवळं त्यांनी एकट्यानेच बरोबर आणलं होतं. कार्यक्रमाचे चिटणीस बाबा. आणि उकडीचे मोदक आईचे, कारण उकड हाताळता येणारी बाई त्या सगळ्या मुलुखात ती एकटीच होती. बाकीच्या काकूंना मोदकांवर भाषण चांगलं करता यायचं. त्या वर्षी बाबांनी पाहुणे कलाकार म्हणून बातबायरला बोलावलं होतं. सामवेदाचा मंगोलियापर्यंतचा प्रवास ते प्रास्ताविकात उलगडून दाखवणार होते.

त्या शनिवारी आई आणि मी सकाळीच हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो. बाबा लाउडस्पीकर गाडीत घालायला घरी थांबले होते, तेव्हा सांगलीहून मामाचा फोन आला. आजी पहाटे झोपेतच गेली होती. पुढे जे झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, तुकड्यातुकड्याने नंतर कळलं. पण वाचणाऱ्याला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही, त्या दिवशी तेवढं काम आमच्या मंडळाने भरपूर केलं. मामाने विचारलं, सुधा निघणार असेल तर मी थांबतो, बर्फाची सोय होते, उद्या दुपारपर्यंत ठेवता येईल. बाबा म्हणाले, थांबू नका. मग त्यांनी फोन ठेवला आणि दामले काकांना लावला.

बाबांना घाई होती आणि ती खोटी नव्हती. मूर्ती गाडीत होती, माणसं तीन गावांहून निघाली होती, आणि मुख्य म्हणजे उकड काढून झाली होती. लेकीला आईचं तीन दिवस सुतक. म्हणजे आईने केलेला एकही मोदक नैवेद्याला चालला नसता. दामले काकांना म्हणे लगेच शास्त्र सापडलं. सुतक लागतं ते ऐकल्यापासून. वहिनींनी ऐकलंय का? नाही. मग त्यांना सुतक कुठलं? सासूचं जावयाला असतं का, यावर त्यांच्याकडे दोन मतं होती. त्यांतलं सोयीचं घेऊन त्यांनी बाबांना पूजेपासून लांब, साउंड सिस्टीमपाशी उभं राहायला सांगितलं. आरती झाली, विसर्जन झालं की वहिनींना सांगू. गणपतीही सुटला, मोदकही सुटले. माणसाने काढलेल्या पळवाटा मी पुढे टॅक्सच्या कामात पुष्कळ पाहिल्या, पण इतकी स्वच्छ एकही नाही.

बातमी आईपासून लपवायची म्हणजे ती बाकी सगळ्यांना सांगणं आलं. नाश्त्यापर्यंत हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. एकेक काकू स्वयंपाकघरात यायची, आईकडे भरल्या डोळ्यांनी बघायची आणि म्हणायची, "वहिनी, तुम्ही जरा बसा बाई." पण उकड मात्र कुणी हातात घ्यायची नाही. आई गोंधळली. "आज या सगळ्या इतक्या गोड का वागतायत?" तिने मला विचारलं. थोडा विचार करून तिला उत्तरही सापडलं. "पुढच्या वर्षीचे मोदकही माझ्याच गळ्यात मारायचे असणार." तिने पाकळ्या काढता काढता एकदा एवढंही म्हटलं, की उद्या रविवार, आईला सांगेन या वेळी कळ्या किती बारीक पडल्या ते. तेव्हा एरफुर्टच्या एक काकू शेजारीच नारळ खवत होत्या. त्या ताडकन उठून बाथरूममध्ये गेल्या.

पूजा दामले काकांनी केली. बाबा हॉलच्या कोपऱ्यात वायरींमध्ये उभे होते आणि विचारलं की पाठ धरली आहे म्हणत होते. दुपारी नैवेद्य दाखवला, जेवणं झाली, मोदकांची तारीफ झाली. एका काकांनी मोदक खाऊन आईला हात जोडून इतका खोल नमस्कार केला की आई घाबरून मागे सरकली. मग करमणुकीचा कार्यक्रम. लहान मुलांचे नाच झाले, दामले काका संस्कृतीवर बोलले, बाबांनी साउंड सिस्टीमच्या मागूनच सामवेद उलगडला. आणि बातबायर आला. गुडघ्याखाली पोचणारा गडद निळा अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा. मुलं फिदीफिदी हसली. त्याने प्रथम घोडदौडीची एक चाल वाजवली. लोकांनी भजनासारख्या टाळ्या धरल्या आणि चिवड्याच्या कागदी बशा कुरकुरत राहिल्या. मग त्याने गळ्यातले ते दोन सूर लावले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "माइक खराब झालाय बहुतेक." बाबा खरोखरच एक वायर काढून बघायला धावले.

तिसरी चाल त्याने काही न सांगता सुरू केली. ती उंटिणीची चाल आहे हे मी ओळखलं. पण त्याने तिच्यात काहीतरी घातलं होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो खालच्या तारेवर येऊन थांबायचा आणि तोंड मिटून, गळ्याच्या अगदी तळातून, हूं हूं करायचा. आईने सोफ्यामागून सांगितलेला तोच सूर, जरा ओढून. वाद्य घोड्याच्या केसांचं, गाणं उंटिणीचं आणि हुंकार सांगलीच्या म्हशीचा. यावर खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एवढ्या सगळ्यांत मी एकटीच कुणाची तरी लहान मुलगी आहे आणि मला घरी जायचं आहे, असं वाटायला लागलं. कुठलं घर, ते मला सांगता आलं नसतं. बशांचा आवाज थांबला होता. दोन केसांच्या झुबक्यांवरून तिसरा झुबका फिरवायचा, यात माणसाचं इतकं नुकसान करण्याची ताकद कुठून येते, हे मला आजही कळलेलं नाही. बाबांकडे त्याचा सिद्धांत आहे, पण तो मी विचारत नाही.

आई माझ्या पुढच्या रांगेत बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली, आवाज न करता, पण थांबता न येण्यासारखी. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. हॉलमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. प्रत्येकाला वाटलं, कुणीतरी सांगून टाकलं.

फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नहून येणाऱ्या केळकर काकू तेवढ्यातच हॉलमध्ये शिरल्या होत्या. त्या दर वर्षी उशिरा यायच्या आणि ऑटोबानवरच्या श्टाऊची, म्हणजे ट्रॅफिक जॅमची, कथा सांगायच्या. त्या वर्षी गाडी लावताना त्यांना कुणीतरी बातमी सांगितली होती. ती लपवायची आहे हे सांगायच्या आतच त्या आत आल्या होत्या. आई रडते आहे हे पाहून त्या थेट तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि तिला कुशीत घेतलं. नेमकं तेव्हाच बातबायरने शेवटचा सूर सोडला, त्यामुळे काकू हळू आवाजात बोलल्या तरी ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"रडा वहिनी, अडवू नका अजिबात. आई ती आईच. पण सोनं झालं हो त्यांचं, ऐन गणपतीत गेल्या."

आईने डोळे पुसले. ती थोडी ओशाळून हसलीसुद्धा. "अहो, आई कुठली," ती म्हणाली. "मला आमची म्हैस आठवली." आणि मग तिचं हसू तसंच राहिलं. "कोण गेलं?"

काकूंनी मदतीसाठी इकडेतिकडे बघितलं. मदत करणारं कुणी नव्हतं. सगळे कागदी बशांमध्ये काहीतरी शोधत होते. आई उठली आणि खुर्च्यांच्या मधून बाबांपर्यंत गेली. मीही मागे गेले.

"कधी गेली?" तिने विचारलं.

"पहाटे. अगं, मी सांगणारच होतो तुला, फक्त आरती होऊ दे म्हटलं, मग..."

"दादा थांबतो म्हणाला होता?"

"विमान मिळालं नसतं गं. इथून फ्रँकफुर्टला पोचायलाच चार तास, मग तिकडे मुंबईहून..."

"म्हणाला होता का, तेवढं सांगा."

"हो," बाबा म्हणाले.

दामले काकांना कुणालातरी दिलासा देण्याची गरज वाटली. "नैवेद्य दुपारीच झाला," ते म्हणाले, "त्यामुळे मोदकांना बाधा नाही." मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख वाक्यं ऐकली आहेत, दोन-तीन भाषांतली. याला अजून तोड मिळालेली नाही.

आई भांडली नाही. तिने जे केलं ते बघून मला तिचा राग आला होता आणि आज तिच्याबद्दल वाटतं ते शब्दांत मांडायला जमत नाही. आता तिने ऐकलं होतं. म्हणून ती आपणहून गणपतीपासून लांब गेली, हॉलच्या अगदी दुसऱ्या टोकाला, जिथे कोट टांगायचे स्टँड होते, आणि तिथल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. देवाला तिच्यामुळे काही लागू नये एवढी काळजी तिने त्या क्षणीही घेतली. तिच्याजवळ जायला कुणी धजेना. बातबायर स्टेजवर वाद्य मांडीवर घेऊन बसून होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या बातम्या कशा येतात हे कुठल्याही परक्या देशात राहणाऱ्याला बघूनच कळतं. आईने एवढ्या लांबून त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "नॉख माल, बिटे." पुन्हा एकदा.

तो उठला. एका हातात वाद्य आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन सगळा हॉल चालत मागे गेला, आणि गणपतीकडे, दामले काकांकडे, बाबांच्या माइककडे पाठ करून आईसमोर बसला. पुन्हा तीच चाल. या वेळी आईला माहीत होतं ती कशासाठी रडते आहे. तो हुंकारापाशी आला की तीही तोंड मिटून त्याच्याबरोबर हूं हूं करायची. मला गाता येत नाही असं म्हणणारी बाई. तिचा सूर बरोबर होता की नाही, ते मला माहीत नाही. बाबांना माहीत असणार. ते लाउडस्पीकरला टेकून उभे होते आणि रडत होते, आणि मला त्यांचीही दया आली, जी मला येऊ द्यायची नव्हती. आरतीची तबकं तयार होती. हाउसमाइस्टर दोनदा दारात डोकावून गेला. कुणीही हललं नाही.

ते थांबल्यावर आईने बाबांच्या पुढे हात केला. बाबांनी ऑफिसचा मोबाइल, ज्याला घरच्यांनी हात लावायचा नाही असा नियम होता, तो निमूटपणे तिच्या हातात ठेवला. आम्ही तिघं बाहेर चर्चच्या पायऱ्यांवर आलो. सांगलीत तेव्हा संध्याकाळ झालेली असणार. फोन मामानेच उचलला. तो नेहमीसारखा ओरडला नाही, तरी त्याचा आवाज मला आणि बाबांना नीट ऐकू येत होता.

"आलो आत्ताच घाटावरून," मामा म्हणाला.

"काय जेवली होती काल?" आईने विचारलं.

"ताकभात. थोडा तुपातला शिरा." मग तो म्हणाला, "सुधे, जावईबापू नको म्हणाले, तरी मी चार वाजेपर्यंत थांबलो होतो गं. सगळी माणसं ताटकळली होती. मला वाटलं, तू स्वतः एक फोन तरी करशील."

बाबांनी पुढे होऊन फोन घ्यायला हात केला. खरं सांगायचंच त्यांच्या मनात होतं, यावर माझा विश्वास आहे. आईने त्यांचा हात बाजूला सारला. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आता सांगलीला कुणी कधी नावं ठेवणार नाही, हे तिने त्या पायरीवर उभं राहून ठरवून टाकलं.

"मला सकाळीच कळलं होतं रे दादा," ती म्हणाली. "इथे कार्यक्रम होता. जमलं नाही."



"बरं," मामा म्हणाला. "नीट पार पडला ना तुमचा गणपती?"

"हो," आई म्हणाली. "छान झाला."